त्याच हंड्यातला निवद

मित्रांनो, साचा म्हटले की तुम्हाला मोदकाचा साचा आठवेल, किंवा गणपतीच्या मूर्तीचा. मी त्या घराण्यातला नाही. मी बिडाचा आहे, चौकोनी आहे आणि तळपट्टीसह माझे वजन तेरा किलो आहे. माझ्या पोटात पंधरा सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच पोकळी आहे. तिच्यात ओले काँक्रीट भरतात. दुसऱ्या दिवशी माझे बोल्ट सोडवून घट्ट झालेला ठोकळा बाहेर काढतात, त्याला पाण्यात ठेवतात आणि ठरल्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. किती जोर सोसून तो फुटला, यावरून बांधणाऱ्याने कागदावर लिहिलेले खरे की खोटे ते कळते. माझ्या पोटातून निघालेली प्रत्येक वस्तू फुटण्यासाठीच जन्मलेली असते. याबद्दल मला कोणाची सहानुभूती नको आहे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत माझा जन्म झाला. काळ्या वाळूत वितळलेले बीड ओतले गेले, ते निवले, मग यंत्रावर माझ्या आतल्या बाजू रंधून गुळगुळीत केल्या गेल्या. घडवणाऱ्या कामगाराने काटकोन मोजायचा गुण्या लावून माझा प्रत्येक कोपरा तपासला. दोन कोपरे त्याला पसंत पडले नाहीत, म्हणून त्याने मला पुन्हा यंत्रावर चढवले. त्या दिवशी मला ते अपमानास्पद वाटले. पुढे माझ्या लक्षात आले की माझ्या आयुष्यात कोणी माझ्यावर केलेला सर्वांत मोठा उपकार तोच होता.

आम्ही सहा जण एकदम घडलो. माझ्या अंगावर ३ हा आकडा ठोकला गेला. आम्हाला सांगलीच्या कल्लाप्पा मगदूम यांनी विकत घेतले. त्यांची बांधकाम-साहित्य तपासणारी लहानशी प्रयोगशाळा होती. त्यांचा एक नियम होता: ठोकळ्यावर ठेकेदाराचे नाव लिहायचे नाही, इमारतीचे नाव लिहायचे नाही, फक्त आकडा लिहायचा. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणाचा ठोकळा फोडत आहोत हे कळताच कामा नये. काही ठेकेदारांना हा नियम आवडत नसे. कल्लाप्पा त्यांना चहा पाजत, नियम मात्र बदलत नसत. त्यांच्यानंतर प्रयोगशाळा त्यांच्या मुलीकडे, प्रीतीकडे आली. ती भौतिकशास्त्र शिकलेली. तिने वडिलांचा नियम ठेवला आणि चहा बंद केला.

माझी कामाची वर्षे प्रामुख्याने दवाखान्यांच्या पायाशी गेली. मिरजेत आणि सांगली-मिरज रस्त्यावर त्या काळात एकामागून एक रुग्णालये उभी राहत होती. हाडांचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, हृदयाचे वेगळे. काचेच्या दर्शनी भिंती, दोन-दोन लिफ्ट, तळघरात गाड्या. तिथे आमचा थाट असे. खंडेनवमीला कल्लाप्पांच्या घरातून हळदकुंकू येई, आमच्या बोल्टांना झेंडूची फुले बांधली जात. एका डॉक्टरांनी तर भूमिपूजनाच्या छायाचित्रात आम्हा सहाही जणांना पुढच्या रांगेत बसवले होते. पुढे एखाद्या वर्षी काम कमी असले की आम्ही कोपऱ्यात पडून राहत असू, अंगावर तेलाऐवजी धूळ साचे. कौतुक आणि विसर, दोन्ही मी पाहिले आहे. दोन्हींमुळे माझे माप बदलले नाही.

मला मोजण्याची सवय आहे, म्हणून मी मोजले. अकरा वर्षांत मी अडतीस आरोग्य इमारतींच्या कामावर गेलो. त्यांतल्या सत्तावीस सांगली आणि मिरजेच्या परिसरातल्या होत्या. सहा साताऱ्याच्या वाटेवर, महामार्गाला लागून होत्या. चार कुंडल, कडेगाव, विटा या उसाच्या पट्ट्यात होत्या. आणि विट्याच्या पूर्वेला, जिथे ऊस संपतो आणि टँकरची वाट पाहणे सुरू होते, तिथे एक. एका साच्याच्या अनुभवावरून साऱ्या प्रदेशाचा निष्कर्ष काढू नये, हे मला माहीत आहे. इतर प्रयोगशाळांचे साचे कुठे कुठे गेले असतील, ते मी सांगू शकत नाही. पण सत्तावीस आणि एक यांतला फरक योगायोग म्हणून सोडून देण्याइतका मी भोळा नाही.

प्रीतीच्या टेबलावर एकदा एक छापील पुस्तिका आली होती. कोणत्या भागात आरोग्याच्या इमारती किती वाढल्या याचे रंगीत आलेख तिच्यात होते. मिरजेकडचा खांब बुटका होता, वाढ चार टक्के. पूर्व भागाचा खांब पानाच्या वरपर्यंत गेला होता, वाढ शंभर टक्के. प्रीतीने तळटीप वाचली आणि ती मोठ्याने हसली. आदल्या वर्षी पूर्वेला एक इमारत होती, या वर्षी दोन झाल्या होत्या, म्हणून शंभर टक्के. दुसरी तळटीप त्याहून बारीक अक्षरांत होती: ज्या इमारतीवर स्लॅब पडला, ती पूर्ण झाली असे धरले आहे.

मित्रांनो, त्या दोनपैकी दुसरी इमारत म्हणजे शेंडगेवस्तीचे आरोग्य उपकेंद्र. तिचा स्लॅब, म्हणजे काँक्रीटचे छत, अजून पडायचा होता. पुस्तिकेत तो आधीच पडलेला होता.

शेंडगेवस्ती विट्यापासून चौतीस किलोमीटरवर आहे. वस्ती मेंढपाळांची, आता निम्मी घरे शेतीही करतात, पाऊस परवानगी देईल तितकी. उपकेंद्र म्हणजे चार खोल्या: तपासणीची, औषधांची, परिचारिकेला राहण्याची आणि बाळंतपणाची. जागा धनाजी शेंडगे यांनी दिली होती. धनाजी गलाई व्यवसायातले, म्हणजे सोने गाळून त्याचा कस काढणारे. त्यांचे दुकान कोइमतूरला, घर विट्यात. ते घर वर्षातले अकरा महिने कुलपात असे. उपकेंद्राच्या दर्शनी भिंतीसाठी त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आधीच कोरून आणली होती. उद्घाटन मार्चअखेरच्या आत व्हायचे होते.

जानेवारीत स्लॅब पडला. मिक्सर धडधडत होता आणि माणसांची साखळी घमेली वर चढवत होती. त्या साखळीत सुलाबाई होत्या. वय साठीच्या आसपास, डोक्यावर चुंबळ, चालणे मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाचे, म्हणजे सावकाश पण न थांबणारे. त्या मजुरीसाठी आल्या होत्या, हे खरे. पण त्या प्रत्येक घमेल्याकडे निरखून पाहत, याचे कारण वेगळे होते. त्यांची सून सोनम सात महिन्यांची गरोदर होती. सोनमचे पहिले मूल विट्याला नेताना वाटेत, टेम्पोच्या हौद्यात जन्मले आणि तिथेच गेले. चौतीस किलोमीटर हा आकडा सुलाबाईंना आलेखावरून शिकावा लागला नव्हता.

ठेकेदार शंभूराज याने आम्हा सहा साच्यांना सावलीत मांडले. मग मिक्सरकडे न जाता त्याने बाजूला एका पत्र्यावर थोडा माल स्वतःच्या हाताने कालवला. सिमेंट भरपूर, पाणी बेताचे, खडी धुतलेली. तो माल त्याने तीन थरांत आमच्या पोटात भरला आणि प्रत्येक थराला सळईने पस्तीस ठोसे दिले. मी अकरा वर्षांत असा देखणा माल क्वचितच पाहिला होता. म्हणूनच मला त्याचा संशय आला.

सुलाबाई घमेले टेकवून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "सायेब, ह्ये बारकं बारकं डबं कशाला वं?"

शंभूराज हसला. "मावशी, ह्यो निवद हाय. सांगलीत एक मशिनदेव हाय, त्येला दाखवायचा. त्यो पावला की स्लॅब पास."

एवढे बोलून तो टँकरवाल्याशी भांडायला निघून गेला.

सुलाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून ठेवली आणि आम्हाला एकेक करून उलटे केले. तो देखणा माल त्यांनी घमेल्यात गोळा करून वर स्लॅबमध्ये पाठवून दिला; वाया घालवणे त्यांना ठाऊक नव्हते. मग मिक्सरमधून उतरणाऱ्या, स्लॅबवर जाणाऱ्या मालाचे घमेले त्यांनी आमच्यापाशी ओढले आणि त्यातून आम्हाला भरले. तीन थर, सळईने ठोसे, वरून थापीने सारखे. शंभूराज परत आला तेव्हा सहा साचे होते तसेच भरलेले होते. त्याने नोंदवहीत 'ठोकळे स्वतः भरले' असे लिहून सही केली.

तो नवा माल माझ्या पोटात पडताच मला कळले. पाणी जास्त, सिमेंट कमी, वाळूत माती. मला बोलता येत नाही. पण मला जे दिले जाते, ते मी जसेच्या तसे राखून ठेवतो. चापलुसी करण्याची सोय माझ्या रचनेतच नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून, आकडे घालून सांगलीला रवाना झाले. आम्ही साचे पुढच्या कामासाठी वस्तीवरच राहिलो.

आठव्या दिवशी प्रयोगशाळेची जुनी व्हॅन वस्तीवर आली आणि तिच्यातून प्रीती उतरली. तिने आल्या आल्या आकडे सांगितले. या प्रतीच्या काँक्रीटने अठ्ठाविसाव्या दिवशी एका चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन सोसले पाहिजेत. सातव्या दिवशी निदान तेरा तरी. सहांपैकी तीन ठोकळे सातव्या दिवशी फोडले होते. आले होते सहा, सव्वासहा आणि साडेसहा.

शंभूराजचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने स्वतः कालवलेल्या मालाने वीस सहज दिले असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण मित्रांनो, त्याची अडचण लक्षात घ्या. "मी तुम्हाला फसवण्यासाठी चांगला माल भरला होता, तो कोणीतरी बदलला," अशी तक्रार कोणाकडे करता येत नाही.

म्हणून तो माझ्यावर घसरला. "मॅडम, साचं बगा तुमचं. गंजल्यात. जुनंपानं सामान आणायचं आन रिझल्ट आमच्या बोकांडी."

प्रीतीने पिशवीतून मोजमापाचा कॅलिपर काढला आणि उकिडवे बसून माझे आतले माप तीन ठिकाणी घेतले. "दीडशे मिलिमीटर आणि वर एक दशांश. दोन दशांशापर्यंत नियमात बसतं," ती म्हणाली. "हा साचा तुमच्यापेक्षा सरळ आहे."

मिक्सरपाशी बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"मग भरताना चुकलं आसंल. हितं बायामाणसं वावरत्यात. कुणी हात लावला आसंल."

"वहीत तुम्ही स्वतः भरले असं लिहिलंय. सहीपण तुमचीच आहे."

तेवढ्यात सुलाबाई पुढे आल्या. "म्या भरलं," त्या म्हणाल्या. "सायबाची चूक झाली हुती, म्या सुदारली."

"कसली चूक?" प्रीतीने विचारले.

"आवं ताई, ह्येंनीच सांगितलं, ह्यो निवद हाय म्हणून. आन निवदाचा माल कालवला वायला! आमच्या बिरोबाच्या जत्रंत निवद वायला रांधत न्हाईत. ज्या हंड्यातलं पंगतीला, त्याच हंड्यातलं देवाला. वायलं रांधून दाखवलं तर देव काय खुळा हाय व्हय? शिकल्याली माणसं, त्येंना ठावं नसंल, म्हणून म्या वतून पुन्यांदा भरलं."

मिक्सरपाशी पुन्हा खसखस पिकली.

प्रीती हसली नाही. तिने वही उघडली आणि विचारले, "सळईनं किती ठोसे दिलेत, आजी?"

"सायबानं येका थराला पस्तीस दिलं हुतं, म्या मोजलं हुतं. मी चाळीस दिलं. पाच देवाचं."

"ठोकळ्यांचं वजनही तेच सांगत होतं," प्रीती लिहिता लिहिता म्हणाली. "पोकळ भरले असते तर हलके आले असते. सगळे आठ किलोच्या जवळपास आहेत. भरण्यात चूक नाही. मालच असा आहे."

इथपर्यंत हा प्रसंग विनोदी होता. पुढे तो तसा राहिला नाही.

धनाजी शेंडगे त्या दिवशी वस्तीवर होते. पांढरा शर्ट, हातात अंगठ्या, कपाळाला आठ्या. त्यांनी सुलाबाईंना बाजूला बोलावले. बाजूला म्हणजे नेमके आम्ही साचे ठेवले होते तिथे.

"सुलाक्का, जरा शांतपणानं ऐका. एकच वाक्य बोलायचं. 'माझ्या हातनं पाणी जास्त पडलं.' बास. मग ह्ये ठोकळं बाद व्हतील, शंभूराज नवीन भरून दील, आन मार्चात सेंटर चालू. न्हाईतर चौकशी, तोडफोड, पावसाळा. आपल्या सोनमचा म्हयना कंचा?"

"मार्चाची आखेर."

"मग? माझी काय पाटी न्हाई लागली तर न्हाई. पर तुमचं काय?"

सुलाबाई माझ्या शेजारच्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसल्या. मी इतक्या जवळून त्यांना पाहिले की त्यांच्या तळहाताच्या भेगांत वाळलेले सिमेंट मला दिसत होते. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ ठोकळे फुटताना पाहिले आहेत. फुटण्याआधी ठोकळ्याच्या कडांवर बारीक रेषा उमटतात. त्यांच्या चेहऱ्यावर मी तशाच रेषा पाहिल्या, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण त्या रेषा आधीपासून असतीलही. मला खात्री नाही.

सोनम भाकरीचे गाठोडे घेऊन आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "बाळंतपणाची खोली कंची?"

सुलाबाईंनी कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट केले.

"तिच्यावरबी ह्योच माल हाय न्हवं?"

"व्हय."

"मग त्येच्याखाली मला निजवणार हाय का तुमी? टेम्पोला निदान छप्पर तरी न्हवतं."

सुलाबाई उठल्या. पदर खोचला. धनाजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शेठ, तुमी सोनं पारखता. येकाच्या मुशीतलं सोनं, आन कस लावायला तुकडा दुसऱ्याच्या मुशीतला, आसं करता का वं तिकडं?"

अंगठी फिरवत धनाजींनी स्लॅबकडे पाहिले.

"तसं केलं," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी दुकान उगडायची गरज न्हाई पडायची."

"मग म्या खोटं का बोलू? म्या भरलं त्येच वर हाय."

शंभूराज घाईने म्हणाला, "शेठ, मार्च हुकंल. पाटीवर तारीख कोरल्याली हाय तुमी."

"दगडाची हाय ती, नासत न्हाई," धनाजी म्हणाले. "तारीख खोडता येती. मॅडम, काय तपासायचं त्ये तपासा."

मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते झपाट्याने झाले नाही. खरी गोष्ट झपाट्याने होत नाही, हा माझा अनुभव आहे. प्रीतीने पोकळ नळीच्या यंत्राने स्लॅबमधून तीन जागी काँक्रीटचे गाभे कापून काढले, म्हणजे आता माझा किंवा सुलाबाईंचा शब्दही मानण्याची गरज उरली नाही; स्लॅबच स्वतःविषयी सांगणार होता. उरलेले तीन ठोकळे अठ्ठाविसाव्या दिवशी फुटले: सरासरी दहा. स्लॅबमधले गाभे: सरासरी साडेनऊ. ठरलेल्या वीसच्या निम्म्यालाही स्लॅबमधला माल पोहोचला नव्हता. प्रीतीने अहवालात एकही विशेषण वापरले नाही. शंभूराजने दोनदा फोन केला, एकदा ओळखीचा माणूस पाठवला. त्या माणसाला तिने आकडे वाचून दाखवले आणि विचारले, यांतला कोणता आकडा बदलू? तो निघून गेला.

मार्चच्या मध्याला स्लॅब तोडण्याचा आदेश आला. उद्घाटन झाले नाही. वस्तीवरचे काही जण सुलाबाईंशी बोलेनासे झाले. "हातचा दवाखाना घालवला म्हातारीनं," असे पाणवठ्यावर म्हटले गेले. सुलाबाई तिथूनच घागर भरून आणत आणि उलट उत्तर देत: "हातचा न्हवता रं, डोक्यावरचा हुता."

सोनमचे काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. विचारलाच पाहिजे, कारण खरे बोलून माणूस मेला, तर ते खरे कोणाच्या उपयोगाचे? धनाजींनी कोइमतूरला परत जाण्याआधी विट्यातल्या घराची किल्ली सुलाबाईंच्या हातावर ठेवली. "अकरा म्हयनं बंदच असतंय. तारखेच्या आधी पंधरा दिवस जाऊन ऱ्हावा. तितनं दवाखाना चालत जायच्या वाटंवर हाय." सासू-सून जाऊन राहिल्या. मार्चच्या अठ्ठाविसाव्या दिवशी विट्याच्या सरकारी दवाखान्यात सोनमला मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे ग्रॅम. हा आकडा मी स्वतः तपासलेला नाही. पण सुलाबाईंनी सांगितला आहे, म्हणून मी तो नोंदवून घेतला.

प्रत्येकाला विट्यात कुलूपबंद घर मिळत नाही, हेही मी इथेच सांगून ठेवतो. एका माणसाच्या चांगुलपणाला व्यवस्था म्हणणे, ही एका इमारतीच्या वाढीला शंभर टक्के म्हणण्याइतकीच लबाडी आहे.

एप्रिलमध्ये स्लॅब फोडला. मे महिन्यात कराराप्रमाणे शंभूराजनेच तो पुन्हा घातला. या वेळी प्रीतीने आम्हाला घेऊन स्वतः हजेरी लावली. पण तिला फारसे काम पडले नाही. आमच्याभोवती वस्तीवरच्या नऊ बाया कोंडाळे करून उभ्या होत्या. शंभूराज घमेले घेऊन मिक्सरकडे वळला, तोवर त्यांतली एक ओरडली, "त्याच हंड्यातलं घ्या हां, सायेब!" तो चिडला, पण त्याच हंड्यातले घेतले. अठ्ठाविसाव्या दिवशी आकडा आला चोवीस. त्या आकड्यासाठी मी कोणाचे आभार मानत नाही. तो वस्तीला मिळायलाच हवा होता, पहिल्या वेळीच.

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत पूर्व भागाचा आदल्या वर्षाचा खांब मोडलेला होता. तोडलेल्या स्लॅबमुळे त्या वर्षीच्या दोन इमारतींची पुन्हा एक झाली होती, म्हणजे वाढ शून्य, आणि दुसरी नव्या वर्षात धरली होती. वाचणाऱ्याला वाटले असेल, तिकडे काहीतरी बिघडले. मला तो खाली आलेला खांब मिरजेच्या साऱ्या काचेच्या भिंतींपेक्षा देखणा दिसला. उपकेंद्र आता उघडे असते. परिचारिका आठवड्यातून तीन दिवस येते, सात दिवस येत नाही. म्हणून मी ते 'पूर्ण' झाले असे म्हणणार नाही. कोणी म्हटले तर त्याला तळटीप विचारा.

आता माझ्याविषयी थोडे. मागच्या महिन्यात प्रीतीने पुन्हा माझे माप घेतले. आतली एक बाजू झिजली आहे. दोन दशांशांच्या जागी चार आले. अशा प्रसंगी माझ्यासारख्या वस्तू तुमच्याकडे दयेची याचना करतात: आम्हाला जपा, भंगारात घालू नका, आमच्या सेवेची आठवण ठेवा. मी तसे काही मागणार नाही. प्रीतीने माझ्यावर लाल रंगाची फुली मारली, ती योग्यच मारली. जो नियम मी अकरा वर्षे दुसऱ्यांना लावला, त्यातून स्वतःला सूट मागितली, तर माझ्यात आणि त्या पत्र्यावरच्या देखण्या मालात फरक काय राहिला? मला वितळवा. माझ्या बिडातून नवा साचा करा आणि त्याचे कोपरे दोनदा तपासा.

मागणे आहे ते तुमच्याकडे आहे, आणि ते विनंतीच्या सुरात नाही. तुमच्या गावात दवाखाना बांधला जाईल, कदाचित शाळा, कदाचित पाण्याची टाकी. स्लॅब पडेल त्या दिवशी तिथे जा. सावलीत मांडलेले साचे शोधा. भरणारा हात कोणत्या ढिगाकडे जातो, त्यावर नजर ठेवा. "तुम्हाला यातलं काय कळतं?" असे कोणी विचारेल. "बाजूला व्हा," असे कोणी म्हणेल.

होऊ नका.